‘आधी हातोडा खाली ठेवा’ म्हटल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव जाहीरपणे लिहायचं नाही ही तुमची अट. ती पाळतेय. पण हे पत्र काम सुरू व्हायच्या आधीच लिहायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. काम संपलं की येणारे-जाणारे फरशीचं आणि रंगाचं कौतुक करतात. कुठल्या भिंतीला हात लावायचा नाही हे ज्यांनी सांगितलं, त्यांची आठवण तेव्हा कुणाला होत नाही.

खरं तर घराच्या नूतनीकरणासाठी आम्ही तुम्हाला इंजिनिअर म्हणून बोलावलं होतं ते जवळजवळ एका सहीपुरतं. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत काढून एकच ऐसपैस जागा करायची, हे घरात एकमताने ठरलं होतं. (आमच्याकडे एकमत इतकं दुर्मीळ की त्या आनंदात भिंतीचं कुणी फारसं मनावरच घेतलं नव्हतं.) भाव द्यायला आलेला एक कंत्राटदार तर ‘पडदीच आहे, दोन दिवसांत मोकळं करून देतो’ असं सांगून गेला होता. (पडदी म्हणजे वरचा भार न पेलणारी, नुसती आडोशाची भिंत.) तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत. दाराच्या चौकटीपाशी टेप धरलीत, गिलाव्यासकट भिंत दहा इंच भरली. मग जिना चढून वर गेलात आणि बरोबर त्याच रेषेत वरच्या मजल्यावर भिंत आहे का ते पाहिलंत. होती. खाली येऊन म्हणालात, “ही पडदी नाही. दोन्ही खोल्यांचे स्लॅब हिच्यावर टेकलेत, शिवाय वरची भिंत. आधी हातोडा खाली ठेवा, मग बोलू.”

नुसतं ‘नाही’ म्हणून तुम्ही निघून गेला असतात तर आम्ही कदाचित ‘हो’ म्हणणारा दुसरा कुणीतरी शोधला असता. तुम्ही तिथेच बसून दोन वाटा मांडल्यात. पूर्ण भिंत काढायची तर वरचा भार घ्यायला बीम, बीम पेलायला दोन्ही टोकांना कॉलम, त्यांच्याखाली पाया, आणि हे सगळं होईपर्यंत स्लॅबला टेकू. नाहीतर भिंत जागेवर ठेवून कोपऱ्यांपासून दूर, मधोमध एक रुंद उघडी जागा काढायची, वर दोन्ही बाजूंना किमान 6 इंच भिंतीवर टेकलेली लिंटेल, म्हणजे उघड्या जागेवरचा भार पेलणारी आडवी तुळई. दोन्हीला खर्च किती पटीने वेगळा येईल तेही सांगितलंत. आणि मग सासूबाईंना विचारलंत, “तुम्हाला भिंत नको आहे, की स्वयंपाक करताना एकटं पडायचं नाही?” त्या पटकन म्हणाल्या, “एकटं पडायचं नाही.” त्या क्षणी आमचा नकाशा बदलला. एवढी वर्षं एका घरात राहून हा प्रश्न आमच्यापैकी कुणी त्यांना विचारला नव्हता.

मला सर्वात जास्त लक्षात राहिलं आहे ते मागच्या खोलीचं छत. आम्ही तुम्हाला ते दाखवणारही नव्हतो, कारण तिथे पुट्टी मारून रंग द्यायचा एवढंच आमच्या यादीत होतं. तुम्ही घोडीवर चढलात आणि छोट्या हातोडीच्या दांड्याने इंचाइंचावर ठोकत गेलात. बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज, आणि मध्येच एकदम डब्यासारखा पोकळ. जिथे पोकळ तिथे खडूने रेघ. तासाभरात छतावर नकाशातल्या बेटांसारखे आकार उमटले, आणि सगळ्यात मोठं बेट नेमकं वरच्या न्हाणीघराच्या खाली. मग एका ठिकाणी जरासं खरवडून तुम्ही आतली सळई दाखवलीत. तपकिरी पापुद्रे सुटलेली.

काँक्रीट चांगलं असतं तोवर सळईला गंजू देत नाही. पाणी वर्षानुवर्षं झिरपलं, वरचा थर कमी पडला की गंज धरतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून रेटा देऊन काँक्रीटच फोडतो. हे तुम्ही माझ्या बारावीतल्या मुलाला समजावून सांगत होतात, पण आम्ही सगळेच मान वर करून ऐकत होतो. त्यावर पुट्टी लावणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायची गरज उरली नाही. वरची गळती आधी बंद करायची, मग सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज घासून काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला), हा क्रम तुम्ही लिहून दिलात. सळई फारच बारीक झाली असेल तर जोडीला नवी टाकायची, आणि हे ठरवायला स्वतः येणार हेही. रंगाच्या यादीतली खोली त्या दिवशी दुरुस्तीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

सासऱ्यांना मात्र तुमचा फरशीचा हिशेब फार आवडला. जुन्या फरशीवरच नवी बसवायची, तोडफोड वाचेल, असा त्यांचा आग्रह होता. तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत: इंचभर मसाला आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला पाऊणशे-ऐंशी किलो. शंभर चौरस फुटांच्या खोलीत साधारण 700 किलोंचा कायमचा जादा बोजा, तोही जुन्या स्लॅबवर. शिवाय सगळी दारं खालून तासायची आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याचा ढाळ बिघडायचा. ते हिशेबाला मान देणारे गृहस्थ आहेत. हल्ली घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हा आकडा ऐकवतात, आणि जणू तो त्यांनीच काढला असावा असा थाट असतो. तुम्ही हरकत घेणार नाही याची मला खात्री आहे.

न्हाणीघराबद्दल तर तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. आम्ही टाइलचे नमुने घेऊन बसलो होतो, आणि तुम्ही विचारलंत की दार कुठल्या बाजूला उघडतं. आत उघडत होतं. वयस्कर माणूस आत घसरून पडला तर तो दारालाच अडकतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही, एवढंच तुम्ही म्हणालात. आता दार बाहेर उघडेल, तीन फूट मोकळं मिळेल, आणि आधाराच्या दांड्या कुठे येणार ते टाइल बसायच्या आधीच भिंतीवर आखलं जाईल, म्हणजे मागे पक्कं काम करता येईल. सासूबाई सुरुवातीला जरा खट्टू झाल्या, ‘मी काय एवढी म्हातारी झाले का’ म्हणून. तुम्ही त्यांना ‘दांडी माझ्या गुडघ्यांसाठी आहे, मी आले की लागेल’ असं सांगून हसवलंत. ही युक्ती इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवत नसणार.

बाकी गोष्टी भराभर झाल्या, पण त्यांची नोंद राहावी. गीझर, ओव्हन यांना स्वतंत्र लाइन आणि फ्यूजपेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच), हे वायरमनच्या मर्जीवर न सोडता लेखी घेतलं. भिंतीत पाइप आणि वायरी गेल्या की गिलावा मारण्यापूर्वी टेप लावून फोटो काढायचे, ही जबाबदारी मुलाने घेतली आहे. सगळ्या कंत्राटदारांना तुमच्याच तक्त्यावर भाव भरायला लावले: प्रत्येक काम वेगळं, माल वेगळा, मजुरी वेगळी, राडारोडा उचलणं कुणाकडे तेही लिहायचं. गंमत म्हणजे आधी ‘एकरकमी’ सर्वात स्वस्त वाटणारा भाव तक्त्यात उतरल्यावर सर्वात महाग निघाला, कारण निम्मी कामं त्यात धरलीच नव्हती. पैसे टप्प्याटप्प्याने, काम मोजून. आणि एकूण अंदाजाच्या 15 ते 20 टक्के रक्कम बाजूला, जिच्याकडे कुणी बघायचंही नाही. जाऊबाईंनी तरी त्या रकमेकडे एकदा बघितलंच, झुंबरासाठी. मी तुमचं नाव सांगून तो विषय मिटवला.

तुमच्यामुळे आमचं काम काही महिने पुढे गेलं हे खरं. या काळात घरात कुरबुर झाली, मीही केली. पण त्या थांबण्यातच कळलं की दिराला अभ्यासिकेपेक्षा दुपारी निवांत झोपायला अंधारी खोली हवी आहे, आणि जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या ओट्यापाशी सासूबाई प्रत्यक्ष उभ्या राहिल्या तेव्हा फ्रिजचं दार उघडल्यावर वाटच बंद होते हे दिसलं. कागदावर खोडरबरने सरकवलेला फ्रिज फुकटात सरकतो.

तर आता ताजी खबर. वरच्या न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग तेवढं आधी उरकून घेतलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे निचऱ्याचं तोंड बंद करून पूर्ण 48 तास पाणी साठवून ठेवलं, आणि सासरे खालच्या खोलीत बॅटरी घेऊन दर थोड्या वेळाने छत तपासत होते. खडूच्या एकाही आकारात नवी ओल आलेली नाही. पुढच्या सोमवारपासून छताचं सुटलेलं काँक्रीट काढायला सुरुवात होईल. सळ्या उघड्या झाल्या की झाकायच्या आधी तुम्हाला फोन करीन. सकाळी लवकर आलात तर बरं, दुपारी दिराची झोप असते.

आपली कृतज्ञ,
‘पडदी’वाल्या घरातली थोरली सून