पेव्हर ब्लॉकच्या आधी मीटर रूम वर न्यावी

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समिती

विषय: मागच्या आवारात पेव्हर ब्लॉक टाकण्याचा ठराव पुढे ढकलून मीटर रूमचं काम आधी घेण्याबाबत

अध्यक्ष साहेब, सप्रेम नमस्कार.

विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत मागच्या मातीच्या पट्टीवर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक टाकून तिथे सहा गाड्या लावण्याचा विषय आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, आमचीही गाडी रस्त्यावरच असते. तरीही हा ठराव यंदा करू नये आणि तो पैसा विजेच्या मीटरची खोली, म्हणजे मीटर रूम, वर उचलायला वापरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपण अंधेरी पश्चिमेला, मोगरा नाल्याच्या अंगाला राहतो. मुंबईतल्या बहुतेक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की पाण्याला समुद्रात जायला वाटच राहत नाही. अशा वेळी नाल्यांच्या तोंडाची दारं बंद करून पाणी उपसून समुद्रात टाकण्यासाठी ब्रिमस्टोवॅड या पालिकेच्या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात आठ पंपिंग स्टेशनं ठरली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. माहुल आणि मोगरा रखडली. यातलं मोगरा आपल्या भागासाठीचं. या प्रकल्पाचा अहवाल १९९३ चा आहे आणि कामाला खरा वेग आला तो २६ जुलै २००५ नंतर, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. पालिकेने मार्च २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा काढला, त्यात पुराचा स्वतंत्र विभाग आहे. या सगळ्याचा पाठपुरावा आपण करायलाच हवा. पण तो पूर्ण होईपर्यंत गेटच्या आतलं पाणी आपल्यालाच सांभाळायचं आहे.

आपली मीटर रूम आवाराच्या पातळीला आहे, उंबराही नाही. तिथे पाणी शिरलं की वीज बंद करावी लागेल. मग लिफ्ट आणि पाण्याचे पंप दोन्ही ठप्प. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना ऑक्सिजनचं यंत्र लागतं. त्यांना खाली कसं आणणार, याचं उत्तर समितीतल्या कोणाकडे आहे का? वीज कंपनीची परवानगी आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागेल, म्हणजे वेळ जाणार. म्हणून हे काम आत्ताच हाती घ्यायला हवं. त्याचबरोबर जमिनीखालच्या टाकीचं झाकण उंच आणि घट्ट करून घ्यावं. गटाराचं पाणी एकदा त्या टाकीत मिसळलं की सगळ्या घरांच्या नळाला तेच येणार. वॉचमनची केबिन सगळ्यात सखल कोपऱ्यात आहे. तुंबलेल्या पाण्यात रात्रभर उभं राहावं लागतं ते त्यांनाच, आणि अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाची भीतीही आधी त्यांनाच. केबिन जिन्याजवळ घेण्यात कुणाचंही काही अडत नाही.

आता मातीच्या पट्टीबद्दल. आपला भूखंड साधारण १,८०० चौरस मीटरचा आहे. १०० मिमी पाऊस झाला तर त्यावर १ लाख ८० हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे अठरा टँकर. माती ते सगळं पिऊन टाकेल असा माझा दावा नाही. जुलैत आपल्याकडे जमीन आधीच भिजलेली असते. पण झाडं असलेली मोकळी माती काही पाणी मुरवते आणि उरलेलं सावकाश सोडते. काँक्रीटवरून तेच पाणी लगेच गटाराच्या जाळीकडे धावतं. मोठ्या पावसात हा उशीर फार मोलाचा असतो. सुधारित पर्जन्यवाहिन्यांचा हिशेबसुद्धा ताशी ५० मिमीचाच आहे. ८ जुलै २०२४ च्या पहाटे सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिमीपेक्षा जास्त पाऊस कोसळला. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरतं असं ठेकेदार सांगतात, पण खाली काँक्रीटचा थर दिल्यावर ते मुरणार कुठे?

तारखेचाही विचार व्हावा. आपण सगळी कामं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवायच्या बेताने ठरवतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला आणि वरळीचं नवं भुयारी मेट्रो स्थानक त्याच दिवशी पाण्यात गेलं. आपली अंतर्गत गटारं, गच्चीचे पाइप आणि मीटर रूम हे सगळं १५ मेच्या आत व्हायला हवं. पालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते. ती यादी वेळांसकट नोटीस बोर्डावर आणि लिफ्टमध्ये लावावी. अशा प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री तळमजल्यावरच्या घरांना आणि खाली गाडी ठेवणाऱ्यांना निरोप जावा. ग्रुपवर टाकलेला संदेश ज्येष्ठ मंडळी पाहतातच असं नाही, त्यामुळे घरी जाऊन सांगावं. बी विंगची जबाबदारी मी घेते.

सिंकिंग फंडातून, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीतून, मीटर रूमचा खर्च करण्यास काही सभासदांचा विरोध होईल हे मला ठाऊक आहे. म्हणून सभेआधी दोन इलेक्ट्रिशियनकडून अंदाजपत्रक मागवून ते नोटिशीसोबत द्यावं आणि हा विषय पार्किंगच्या आधी चर्चेला घ्यावा. सभेत उत्तरं द्यायला मी हजर असेन.

कळावे,
आपली नम्र,
एक सभासद, बी विंग