वाचलेली डुकरे म्हणजे सुरक्षित कळप नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या ठाणे पुरवणीत क्लासिकल स्वाइन फिव्हरच्या, म्हणजे डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य तापाच्या, साथीबद्दल 'वाचलेल्या डुकरांत प्रतिकारशक्ती. वराहपालकांना दिलासा' ही बातमी वाचली. हा दिलासा कोणी मनावर घेतला, तर पुढच्या वेतातली पिल्ले पुन्हा मरायला लागतील. म्हणून लगेच लिहायला बसलो.

क्लासिकल स्वाइन फिव्हरमधून बरे झालेले डुक्कर पुन्हा सहसा त्या आजाराने पडत नाही, एवढे बातमीत बरोबर आहे. पण ती ताकद त्या एका जनावराची असते. डुकरीण ११४ दिवसांत विते, वर्षाला दोन वेते देते, एका वेताला आठ-दहा पिल्ले. पाच माद्या वाचल्या असे धरा. वर्षभरात त्याच शेडमध्ये ऐंशी ते शंभर पिल्ले जन्माला येतील आणि त्यातल्या एकाच्याही अंगात स्वतःची प्रतिकारशक्ती नसेल. बाहेरून विकत आणलेली जनावरे वेगळीच. गायी-म्हशींचा कळप वर्षानुवर्षे तोच राहतो, डुकरांचा राहत नाही.

आईकडून पिल्लाला मिळते ती ताकद चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, पिल्लापर्यंत जातच नाहीत. जन्मल्यावर २४ ते ३६ तासांत पिल्लाच्या आतड्याची ती शोषून घ्यायची क्षमता संपते, आणि पहिले सहा तास सर्वांत मोलाचे. डुकरीण रात्री विते, मालक सकाळी येतो. तोवर दांडग्या पिल्लांनी आचळ धरलेले असतात आणि शेवटी जन्मलेले, बारके पिल्लू कोपऱ्यात गारठलेले असते. अशा वेळी पोटभर प्यायलेली पिल्ले तासाभरासाठी कोरडे पोते अंथरलेल्या टोपलीत ठेवावीत आणि बारक्यांना आचळाला लावावे. याला खर्च काही नाही.

ही उसनी ताकदही साधारण दर दोन आठवड्यांनी निम्म्यावर येते. गंमत नाही, खरी अडचण इथेच आहे : पिल्लाच्या अंगात आईची प्रतिपिंडे भरपूर असताना लस टोचली, तर ती लसच निकामी होते. बऱ्या झालेल्या किंवा लस घेतलेल्या मादीच्या पिल्लांना म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान टोचायचे, आणि पुढे दरवर्षी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घाईने टोचून 'लस झाली' अशी नोंद केलेली पिल्लेच पुढे मरतात आणि बोल लसीला लागतो. तुमच्या बातमीत तर 'आता लसीची गरज उरलेली नाही' असे एका 'जाणकारा'चे वाक्य छापले आहे.

सर्वांत जास्त राग आला तो रक्ततपासणीच्या उल्लेखाने. 'नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली, त्यामुळे धोका टळला' असे वाक्य आहे. नेहमीच्या लसीनंतर आणि आजारानंतर रक्तात सापडणारी प्रतिपिंडे सारखीच दिसतात. प्रतिपिंडे शोधणाऱ्या साध्या एलायझा चाचणीतून दोन्हींत फरक कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे खरा धोका ज्या पिल्लात असतो, तेच पिल्लू या चाचणीतून सुटते. मादी गाभणपणाच्या साधारण ५० ते ७० व्या दिवसाच्या सुमारास आजारली, तर विषाणू गर्भात शिरतो आणि पिल्लाचे शरीर त्याला आपलाच समजते. असे पिल्लू जिवंत जन्मते, दूध पिते, काही आठवडे ठीकही दिसते. मग वाढ खुंटते, कातडी खराब होते, मध्येच हगवण लागते. काही महिन्यांनी ते मरतेच, पण तोवर रोज लाळेतून, शेणातून विषाणू बाहेर टाकत राहते. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे नसतात, म्हणून एलायझात ते 'निरोगी' ठरते. ते शोधायला विषाणूचीच चाचणी, म्हणजे पीसीआर, लागते. साथीच्या काळात गाभण असलेल्या प्रत्येक मादीचे वेत वेगळे ठेवायला हवे, त्यातली खुरटलेली पिल्ले तपासायला हवीत, आणि ती 'स्वस्तात' दुसऱ्या पालकाला मुळीच विकता कामा नयेत. या सगळ्यातले एक अक्षरही बातमीत नाही.

लस कशी फुकट जाते तेही सांगतो. सुकवलेल्या लसीची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. सोबतच्या द्रावकात मिसळल्यावर ती बर्फावर ठेवून एक-दोन तासांत संपवायची. कुपीत डोस अनेक, आणि आपल्याकडच्या बहुतेक पालकांकडे जनावरे पाच-सात. मग सकाळी मिसळलेली लस शिळफाट्याच्या उन्हात दुपारपर्यंत या वाड्यातून त्या वाड्यात फिरते. त्यापेक्षा शेजारच्या चार-पाच पालकांनी एकच सकाळ ठरवावी. सुई प्रत्येक डुकराला नवी. साथीत एकच सुई फिरवणे म्हणजे आपल्या हाताने रोग पसरवणे. ताप असलेल्याला टोचू नये.

खरकट्याबद्दल बातमीत 'उकळून द्यावे' एवढेच आहे. ९० अंशांवर निदान ६० मिनिटे, सतत ढवळत. ड्रमच्या कडेला बुडबुडे आले म्हणजे मधला गोळा तापला असे नव्हे. वेळ मोजायची ती मधोमध उकळी फुटल्यावर. कच्च्या खरकट्याची बादली आणि शिजलेल्याची बादली वेगळी हवी, नाहीतर तासभर जाळलेले लाकूड वाया. ज्याला हे जमत नाही त्याने हॉटेलचे खरकटे बंद करून वाशीच्या एपीएमसीतला उरलेला भाजीपाला आणि भुसा यांवर भागवावे, मात्र त्यात मांसाचा तुकडा येता कामा नये.

आणि हा आजार क्लासिकलच होता हे ठरवले कोणी? आफ्रिकन स्वाइन फिव्हर या वेगळ्याच विषाणूच्या आजारातही तोच ताप, तेच निळेलाल कान. २०२० मध्ये तो आसाम आणि अरुणाचलमध्ये आढळला, पुढे इतर राज्यांतही पोहोचला. त्यावर आपल्याकडे वापरात असलेली लस नाही. डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. नमुने बर्फात घालून सरकारी पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेत पाठवावेच लागतात.

शेवटी आणखी एक. बातमीसोबत तुम्ही एका पालकाचा चेहरा दिसेल असा फोटो आणि वस्तीचे नाव छापले आहे. आजार कळवणे जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण कळवणाऱ्याचा फोटो पेपरात येणार असेल, तर पुढच्या वेळी मेलेले डुक्कर रात्रीतून खाडीत जाईल आणि तापलेली जनावरे पहाटेच्या टेम्पोने दुसऱ्या तालुक्यात. तो फोटो इंटरनेट आवृत्तीतून आजच काढावा आणि लसीविषयीच्या वाक्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, कळवा