लकॉकला विसरू नका

रविवार पुरवणीतील गुप्तहेरकथांवरील लेखात या प्रकारची सुरुवात १८८७ मध्ये शेरलॉक होम्सपासून झाल्याचे म्हटले आहे. ते बरोबर नाही. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याची १८४१ ची गुप्तहेरकथा बाजूला ठेवली, तरी कादंबरीभर तपास चालवण्याची रीत फ्रान्सच्या एमिल गाबोरिओने (१८३२-१८७३) रुळवली. त्याची ‘लरूज प्रकरण’ १८६६ मध्येच पुस्तकरूपाने आली होती.

तपासाची बारकाईही पाहण्याजोगी आहे. गाबोरिओच्याच ‘ऑर्सिव्हालचा गुन्हा’ या कादंबरीत खुनाच्या जागी घड्याळ तीन वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेले असते. पोलिस अधिकारी लकॉक मोठा काटा साडेतीनवर नेतो आणि ठोके पडतात अकरा! त्या काळच्या बऱ्याच घड्याळांत ठोके मोजणारे चाक काट्यांपासून स्वतंत्र असे. काटे घाईने फिरवले की ठोके मागे राहत. खुनाची वेळ बनावट आहे, हे एवढ्यावरून उघड होते. पुढच्या एका कादंबरीत हाच लकॉक बर्फातील पावलांचे ठसे वाचतो.

होम्स पहिल्याच कादंबरीत लकॉकला अनाडी ठरवतो. इंग्रज वाचकांना लकॉक ठाऊक नसता, तर हा टोमणा कॉनन डॉयल यांनी कशाला मारला असता?

– एक वाचक, ठाणे