सूचना: बाहेरचा कोड रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) घेण्याआधी लायसन्स तपासा

सर्व सभासदांनो,

पुढच्या रिलीजआधी ‘व्हेंडर’ फोल्डरमधली प्रत्येक लायब्ररी, म्हणजे बाहेरून आणलेला तयार कोड, ज्याने आणली, त्यानेच तिचं लायसन्स तपासावं.

आपला प्रकल्प ‘जीपीएल २, फक्त’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली आहे, आणि त्यातला ‘फक्त’ हा शब्द फार महत्त्वाचा: जीपीएलची पुढची आवृत्ती आपल्याला लावता येत नाही. अपाची २.० या दुसऱ्या मुक्त लायसन्सचा कोड यात मिसळून वाटता येत नाही. अपाचीतल्या पेटंटच्या अटी जीपीएल २ च्या दृष्टीने जादा निर्बंध ठरतात, आणि असे निर्बंध ती चालवून घेत नाही. २००७ च्या जीपीएल ३ ने ही अडचण दूर केली, पण एकाच दिशेने: अपाचीचा कोड जीपीएल ३ मध्ये जातो, उलट नाही. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ३.० पासून अपाची २.० खाली आहे, म्हणून ती सोबत बांधू नका. ऑपरेटिंग सिस्टिमच्या घटकांना जीपीएल २ सवलत देते खरी, पण तो घटक प्रोग्रामसोबतच दिला की सवलत संपते.

एमआयटी आणि तीन कलमी बीएसडी या सैल अटींच्या लायसन्सखालचा कोड बिनधास्त घ्या, मात्र कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा पूर्ण मजकूर ठेवाच. जावास्क्रिप्ट मिनिफाय करताना (फाइल लहान करण्यासाठी अनावश्यक मजकूर काढताना) नेमक्या याच टिप्पण्या गळतात. तयार झालेली फाइल उघडून पाहा.

मुख्य लायसन्स फाइलवर विसंबू नका, प्रत्येक फाइलचा माथा, म्हणजे सुरुवातीची टिप्पणी, वाचा. आत तिसऱ्याच कुणाचा कोड निघतो. लायसन्सच नसेल तर परवानगी नाही, कोड गिटहबवर उघडा असला तरीही.

तपासलेल्या लायब्ररीचं नाव, आवृत्ती, मूळ दुवा आणि एसपीडीएक्स ओळखचिन्ह (लायसन्सचं प्रमाणित छोटं नाव) यादीत नोंदवा. नोंद नसलेली लायब्ररी रिलीजमधून काढली जाईल.