रात्री येऊन बघा की, कुठे झोपतो ते

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात मधून मधून दिव्यांग शिबिराच्या बातम्या येतात, इतक्यांना कार्ड वाटप, इतक्यांना सायकली, फोटोत सगळे हसतायत. चांगलंच आहे, माझी त्यावर काही तक्रार नाही. पण त्या शिबिराचा मेसेज मोबाईलवर येतो, आणि मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या रस्त्यावर राहणाऱ्या दिव्यांगांचा मोबाईल दर दोन-तीन महिन्यांनी झोपेत कुणीतरी उचलून नेतं. पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त पुलाखालचा भाग ठेवा.

मी रिटायर्ड माणूस, सगळं आयुष्य कारकुनीत गेलं, त्यामुळे फॉर्मची भीती वाटत नाही, एवढीच काय ती माझी पात्रता. चार वर्षं झाली, आठवड्यातून दोन संध्याकाळी बेघरांच्या निवारा केंद्रात जाऊन बसतो आणि ज्यांचे पाय, डोळे किंवा डोकं साथ देत नाही अशांचे पेन्शनचे कागद करतो. कागद करतो म्हणजे नुसता फॉर्म भरत नाही हो, फॉर्म अर्ध्या तासात होतो, त्याला जोडायचे पुरावे जमवायला वर्ष जातं.

तिथे एक काका येतात. मी त्यांना काका म्हणतो, ते मलाही काकाच म्हणतात. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला, चाकं लावलेल्या फळीवर बसून दोन्ही हातांनी जमीन ढकलत फिरतात. संजय गांधी निराधार योजनेत ते बसतात, दिव्यांगाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत पाहिजे, यांचं कशाचं उत्पन्न. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी दीड हजाराचे अडीच हजार झाले महिन्याला, ते ऐकून स्वतःच म्हणाले काका आता तरी करू अर्ज, आणि आम्ही निघालो.

पहिला धोंडा दिव्यांग प्रमाणपत्राचा. काकांकडे होतं, जुनं, हातानं लिहिलेलं, तीन घड्या पडलेलं. आता ते चालत नाही, ऑनलाईन यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं नंबरवालं सरकारी ओळखपत्र पाहिजे. पाय काही मधल्या काळात परत उगवला नव्हता पण कागद जुना झाला होता. ऑनलाईन म्हणजे मोबाईल नंबर, ओटीपी, आधार. माझाच नंबर टाकला (माझ्या नंबरवर आजघडीला अकरा जणांचे ओटीपी येतात, बायको म्हणते तुमचा फोन आहे का तलाठी ऑफिस). आधार नव्हतंच, ते काढायला गेलो तर बोटांचे ठसे उमटेनात, फळी ढकलून ढकलून तळवे आणि बोटं दगडासारखी झालेली. ऑपरेटर म्हणाला महिनाभर हात घासू नका मग या. आता हा माणूस हातावरच चालतो, त्यानं हात घासायचे नाहीत म्हणजे काय करायचं? ठसे उमटत नसतील तर अपवाद म्हणून नोंदणी करता येते, तशी सोय आहे, पण ती आम्ही तिसऱ्या केंद्रावर गेलो तेव्हा एका मुलीला माहीत निघाली. आधारच्या २०१६ च्या कायद्यात कलम ५ मध्ये चक्क लिहिलंय की दिव्यांग आणि ज्यांना कायमचं घर नाही अशांच्या नोंदणीसाठी खास उपाय करायचे. मी त्या कलमाची प्रिंट आता पिशवीतच ठेवतो.

मग तहसील. कुठलं ते सांगत नाही, कारण खिडकीवरचा पोरगा वाईट नव्हता. त्यानं विचारलं पत्ता काय. काका म्हणाले पुलाखाली. पुलाखाली म्हणजे? काका एकदम सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "पिलर नंबर एकोणीस." ते चेष्टा करत नव्हते, पुलाच्या खांबांवर नंबर रंगवलेले असतात आणि तिथली सगळी वस्ती एकमेकांना असंच ओळखते. पोरगा हसला नाही हे विशेष. पण म्हणाला काका, योजनेला महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, रेशनकार्ड, लाईटबिल, काहीतरी जुनं द्या.

पंधरा वर्षं उघड्यावर काढलेल्या माणसानं पंधरा वर्षांचं लाईटबिल कुठून आणायचं? पुलाखालचा दिवा महानगरपालिकेचा आहे, त्याचं बिल काकांच्या नावानं येत नाही.

आता खरी गंमत ऐका. काकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत मतदार कार्ड होतं. घर नाही तर कार्ड कसं मिळालं? तर निवडणूक आयोगाचा नियमच तसा आहे, बेघर माणसानं फॉर्ममध्ये जी जागा लिहिली तिथे बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं रात्री जायचं, एक नाही एकापेक्षा जास्त रात्री, आणि माणूस खरंच तिथे झोपतो का बघायचं. झोपत असेल तर राहण्याचा दुसरा कुठलाच कागद मागायचा नाही. काका सांगतात, एक बाई टॉर्च घेऊन दोनदा आल्या होत्या, दुसऱ्या वेळी म्हणाल्या झोपा झोपा उठू नका.

म्हणजे मत द्यायला पिलर नंबर एकोणीस हा पत्ता आहे, आणि पेन्शन घ्यायला नाही. कार्ड तीन वर्षांपूर्वीचं असल्यामुळे ते पंधरा वर्षं सिद्ध करत नाही, हे मला मान्य आहे, पण पद्धत तर हातात आहे ना? जी चौकशी बीएलओ करू शकतो ती तलाठ्यानं का करू नये, रात्री जाऊन बघा, शेजारच्या चहावाल्याला आणि झाडू मारणाऱ्या बाईंना विचारा हा माणूस इथे कधीपासून दिसतो, त्यांचे जबाब घ्या, पंचनामा करा, सरकारी दवाखान्याचे जुने केसपेपर बघा आणि तोच रहिवासाचा पुरावा धरा. एवढंच माझं मागणं आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

कायदा काही आडवा येत नाहीये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २४ काढून बघा, सामाजिक सुरक्षेच्या योजना करताना ज्यांना कुटुंब नाही, निवारा नाही, उपजीविका नाही अशा दिव्यांगांसाठी सोय करायची असं त्यात वेगळं लिहिलंय, आणि दिव्यांग पेन्शनचाही उल्लेख त्याच कलमात आहे. पण योजनेच्या अटी ठरवताना बहुतेक कुणाच्या डोळ्यासमोर घरात राहणारा, घरच्यांनी उचलून रिक्षात बसवलेला माणूस असतो. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण १७ लाख ७३ हजार बेघर मोजले होते, त्यातले २ लाखांच्या वर आपल्या राज्यात. ते सुद्धा रात्री मोजायला गेले म्हणूनच सापडले ना.

ज्यांचं डोकं साथ देत नाही त्यांचं तर अजून वेगळंच. एका ताईंना घेऊन मी अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाकडे गेलो होतो, मानसिक आजार, दहा वर्षं रस्त्यावर. डॉक्टरांनी विचारलं काय काम करता, ताई म्हणाल्या शाळेत शिकवते. स्वयंपाक येतो का, हो येतो. औषध घेता का, मला काय झालंय औषध घ्यायला? हे सगळं इतकं नीट, शांत बोलल्या की मलाच वाटलं आपणच चुकलो. टक्केवारी ४० च्या खाली लागली आणि ४० च्या खाली म्हणजे सगळे दरवाजे बंद. त्या कधीकाळी खरंच शिकवत होत्या, फक्त ते कधीकाळी होतं. मग निवाऱ्यातल्या मावशींनी एक पानभर लिहून दिलं, ताई किती दिवस आंघोळ करत नाहीत, गोळी कुणी हातात दिली तरच घेतात, बाहेर गेल्या की परत यायची वाट सापडत नाही, पैसे दिले की वाटून टाकतात. दुसऱ्या खेपेला ते पान डॉक्टरांनी वाचलं आणि तासभर दिला, टक्केवारी बरोबर लागली. मी कुठेतरी वाचलं की अमेरिकेत बेघर दिव्यांगांच्या अर्जासाठी सोर नावाची पद्धतच आहे, शिकवून तयार केलेला माणूस अर्जदाराच्या वतीनं अर्ज भरतो, दवाखान्याचे कागद गोळा करतो आणि असंच रिपोर्टवजा पत्र लिहितो, ऑफिसची पत्रंही त्याच्याकडे येतात. आमच्या मावशी सातवी शिकलेल्या, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

उपचाराच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शहाणपणा दाखवलाय, बेघर असेल तर बीपीएल कार्ड असो नसो, उपचार फुकट. पेन्शनला तेवढं शहाणपण अजून पोचलं नाही. आणि केंद्राच्या दिव्यांग पेन्शनबद्दल काय बोलणार, ८० टक्के अपंगत्व पाहिजे आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. असो.

काकांचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. जुना पुरावा शोधता शोधता मी त्यांना विचारलं, सरकारनं तुमचं नाव कधीतरी, कुठेतरी लिहिलं असेल की हो? बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, एकदा उचललं होतं. भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा कायदा आहे ना, त्यात जखम किंवा व्यंग दाखवून भीक मागणं हा गुन्हा आहे, त्याखाली काकांना भिक्षेकरी गृहात ठेवलं होतं, सोळा वर्षांपूर्वी. त्या वेळी कुणी रहिवासी दाखला मागितला नव्हता. चार चकरा मारून मी त्या नोंदीची नक्कल काढली, त्यावर नाव आहे, तारीख आहे, पकडल्याची जागा आहे आणि पुढे "डावा पाय नाही" असंही लिहिलंय.

नक्कल द्यायची की नाही यावर काकांनी दोन दिवस घेतले. लाज वाटते म्हणाले. शेवटी म्हणाले द्या. खिडकीवरच्या पोरानं ती उलटून पालटून बघितली, साहेबांकडे घेऊन गेला, परत आला आणि म्हणाला ठेवून घेतो, वर पाठवतो, चालेल का ते सांगता येत नाही. त्याला आता अडीच महिने झाले. पोचपावती काकांच्या पिशवीत आहे, मतदार कार्डाच्या मागे, आणि संपर्कासाठी नंबर माझा दिलाय.

आपला,
एक वाचक