मीटर रूममधील न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तपासणीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटीची व्यवस्थापकीय समिती

विषय : न्यूट्रल व अर्थिंग तपासून मेन पॅनेलमध्ये संरक्षण बसवण्याबाबत

महोदय,

मागच्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये जे झालं ते आपल्या कानावर आलंच असेल. एका घरात ट्यूब पेटेना, समोरच्या घरात पंखा सुसाट, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून जळका वास. वायरमनने मीटर रूममध्ये न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या वायरचा, काळा पडलेला लग (टोकाची धातूची जोडणी) साफ करून आवळला आणि तो निघून गेला. समितीच्या लेखी विषय तिथेच संपलेला दिसतो. माझ्या मते तो तिथे सुरू होतो.

थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज चढतं. २३० व्होल्टच्या जागी ते ४०० च्या आसपासही जाऊ शकतं. घरातली स्पाइक गार्डची पट्टी यावर उपाय नाही. तिच्यातला व्हेरिस्टर नावाचा भाग क्षणभराचा झटका गिळण्यासाठी असतो. चढलेलं व्होल्टेज टिकून राहिलं तर तोच तापून जळतो. शिवाय ही पट्टी झटक्याचा बराच भाग तिसऱ्या पिनेतून अर्थिंगकडे वळवते. अर्थिंगच धड नसेल तर वळवणार कुठे? आपल्या आवारातल्या अर्थ पिटचं (अर्थिंगची वायर जिथे जमिनीत उतरते त्या खड्ड्याचं) झाकण कुंड्यांखाली गेलं आहे, यावरून शेवटचं मोजमाप कधी झालं असेल याचा अंदाज यावा.

‘ज्याने त्याने यूपीएस घ्यावा’ असं एका सदस्याने सुचवलं. माझ्याकडे यूपीएस आहे. त्यावर कॉम्प्युटर आणि राउटर चालतो. लाइट गेली की फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. त्याचं काम तेवढंच. (त्यावर लेझर प्रिंटर लावणाऱ्यांना तेवढाही वेळ मिळत नाही, पण तो त्यांचा प्रश्न.) मीटर रूममधला सैल स्क्रू कुणाचाही यूपीएस आवळणार नाही.

म्हणून विनंती अशी की, परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून सर्व फेज व न्यूट्रल जोडण्या तपासून घ्याव्यात. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजावा, तोही उन्हाळ्यात; पावसाळ्यात ओल्या जमिनीवर आकडा चांगलाच येतो. तो आकडा लेखी घेऊन नोटीस बोर्डावर लावावा. मेन पॅनेलमध्ये क्षणभराचा झटका अर्थिंगकडे वळवणारा सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस आणि व्होल्टेज वाजवीपेक्षा वर-खाली गेल्यास पुरवठा तोडणारा रिले, अशा दोन्ही वस्तू बसवाव्यात. एक दुसरीचं काम करत नाही, त्यामुळे कोटेशनमध्ये त्यातली एकच दिसली तर कृपया विचारावं. सर्ज डिव्हाइसच्या खिडकीचा रंग बदलला की तो निकामी झाला असं समजतात. ती खिडकी अधूनमधून पाहण्याची जबाबदारी कुणाला तरी नावानिशी द्यावी.

एक बिनखर्चाची गोष्ट उद्यापासून होईल. लाइट आल्या आल्या पंप सुरू न करता, व्होल्टेज स्थिरावण्यासाठी पाचेक मिनिटं थांबावं, एवढं वॉचमनला सांगावं.

तपासणीसाठी पुरवठा बंद करणार असाल तर आदल्या दिवशी सूचना लावावी. अनेकजण घरून काम करतात. त्यांना मशीन बंद करून प्लग काढून ठेवता येतील. त्या वेळी मी मीटर रूमपाशी थांबायला तयार आहे.

आपला,
बी विंगमधील एक सभासद