फ्रीजरमधला टायरचा तुकडा

ऐरोली, नवी मुंबई
नवरात्र, चौथी माळ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा जर्मनीहून फोनवर तू म्हणालीस, "आई, गाडीबरोबर चार ऑल-सीझन टायर फुकट मिळालेत, ग्रिप भरपूर आहे, मग विंटर टायर कशाला घेऊ?" फोन सारखा अडकत होता, बाबांना मध्येच बोलायचं होतं, आणि मी "बघू" म्हणून विषय सोडून दिला. पण रात्री झोप लागेना. सत्तावीस वर्षं रबाळ्याला रबराच्या लॅबमध्ये काढली, आणि पोटची मुलगी रबराबद्दल विचारते तेव्हा मी "बघू" म्हणते, हे मनाला पटेना. म्हणून बसून लिहिते आहे.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. विंटर टायर घे. चारही घे, आणि याच महिन्यात घे.

काल सकाळी मी दिवागावाच्या बाजूच्या पंक्चरवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडच्या टाकून दिलेल्या टायरच्या नक्षीतला एक जाडसर तुकडा कापून आणला. आपल्या गाडीला असतात तसाच साधा टायर. माझा शोअर मीटर अजून कपाटात आहे, निवृत्त होताना सरांनी दिलेला. रबरावर सुई दाबायची, काटा जितका वर जाईल तितकं रबर कडक. स्वयंपाकघरात, पंख्याखाली, त्या तुकड्याचं रीडिंग आलं ६५. मग तो पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, मटारच्या पाकिटांशेजारी. त्याच्याबरोबर तुझ्या जुन्या डब्याच्या झाकणाची पांढरी सिलिकॉनची रिंगही ठेवली.

आज सकाळी बाहेर काढला तेव्हा आधी नख रोवून पाहिलं. काल नख सहज रुतत होतं, आज घसरलं. मीटर लावला, ७६. डब्याची रिंग मात्र तितकीच लवचिक होती, बोटाभोवती गुंडाळली तर कालसारखीच गुंडाळली गेली. चहा उकळेपर्यंत टायरचा तुकडा पुन्हा ७० वर आला होता. दोन्ही रबरच, पण थंडीत एक दगडाच्या वाटेला लागलं आणि दुसऱ्याला काही फरकच पडला नाही. विंटर टायर वेगळा का असतो, ते यातच आहे.

आम्ही लॅबमध्ये हेच करायचो. कंपाउंडची बॅच आली की तिचा तुकडा गरम भट्टीत आणि थंड पेटीत ठेवून पाहायचा. केरळहून नैसर्गिक रबराच्या धुरावलेल्या शीटच्या गासड्या यायच्या, त्यांचा तो वास तुला आठवत असेल, माझ्या ओढणीला यायचा. ते नैसर्गिक रबर उणे ७० अंशांच्या आसपास जाऊन काचेसारखं होतं. पण टायरच्या नक्षीत नुसतं तेच नसतं. कृत्रिम रबर, काजळी, सिलिका, तेलं, गंधक असं सगळं मिसळलेलं असतं, आणि बनवणारा ठरवतो की हे मिश्रण कुठल्या हवेत नरम राहायला हवं. इथे जानेवारीत १५ अंशांवर उतरलं की आपण स्वेटर काढतो. म्हणजे आपले टायर, कुणी तसं म्हणत नसलं तरी, उन्हाळी टायर असतात. त्यांना मे महिन्यातल्या ठाणे-बेलापूर रोडवर वितळल्यासारखं होऊन चालत नाही. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही नरम राहील असं बांधलेलं असतं. नरम राहिलं तरच ते रस्त्याच्या बारीकसारीक खाचांत शिरतं, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी त्याच्याच जोरावर थांबते.

तिकडे ७ अंशांचा आकडा सांगतात. पारा सातच्या खाली गेला की विंटर टायर चांगला. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे, सहा अंशांना टायर एकदम कामातून जात नाही. पण दिशा बरोबर आहे. माझा फ्रीजर उणे १८ चा आहे आणि तुझा रस्ता रोज तितका थंड नसेल, हेही मला कळतं. टायर चालून थोडा गरमही होतो. पण हॉस्पिटलात तुझी सकाळची ड्यूटी असते. पहाटे साडेपाचला, रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी तू काढणार आणि लगेच उतार लागणार. टायर गरम व्हायच्या आतच पहिली तीन वळणं येऊन गेलेली असतील.

खऱ्या बर्फावर आणखी एक गोष्ट असते. विंटर टायरच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा असतात, ब्लेडने मारल्यासारख्या. चाक दाबलं गेलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. शिवाय नक्षीच्या खाचांत बर्फ भरून घट्ट बसतो, आणि तो खालच्या बर्फाला पकडतो. चौपाटीवर ओल्या वाळूचा किल्ला करताना वाळू वाळूला धरायची ना, तसं. आपल्याकडच्या पावसाळी टायरला खाचांतून पाणी बाहेर फेकायचं असतं, तिथल्या टायरला बर्फ धरून ठेवायचा असतो. आणि शून्याच्या आसपासचा गोठलेला रस्ता सगळ्यात फसवा, कारण त्याच्यावर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा असतो. आजीच्या वाड्यातली शेवाळलेली फरशी आठव. पुलांवर आणि झाडांच्या सावलीतल्या वळणांवर रस्ता असा आधी गोठतो.

आता त्या फुकटच्या टायरांबद्दल. माळशेजची गोष्ट तुला आम्ही कधी पूर्ण सांगितली नाही. तू बारावीला होतीस, म्हणून. जुलैत आम्ही दोघं ओतूरला निघालो होतो, मामाची तब्येत बरी नव्हती. घाटात धुकं आणि पाऊस, बाबा चाळिसाच्या पुढे गेले नव्हते. एका वळणावर समोरून टेम्पो आला, बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. आवाज नाही, धक्का नाही, नुसती सरकत गेली. माझा हात डॅशबोर्डवर होता आणि कठड्याचा दगड माझ्या काचेकडे येताना मी पाहत होते. कठड्याला घासून थांबलो. बंपर गेला, आम्ही वाचलो. खाली उतरून बाबांनी चारही चाकं पाहिली आणि म्हणाले, "ग्रिप तर नव्यासारखी आहे!" खरंच होती. गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालायची, बाकी वेळ सोसायटीत उभी. टायर गोटा झालेले नव्हते, म्हातारे झाले होते. सोमवारी मी लॅबमधून मीटर आणून लावला, ७८. रबर नुसत्या वयाने, हवेने आणि उन्हाने कडक होतं. रोज त्याच रबराच्या चाचण्या करणारी मी, स्वतःच्या गाडीची तारीख सात वर्षं पाहिली नव्हती. ते मला अजून टोचतं.

म्हणून तुझ्या टायरच्या कडेवर डीओटी अशी अक्षरं शोध. शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, टॉर्च घेऊन वाक. माझा अंदाज आहे, कुणी टायर फुकट देतं तेव्हा ते तरुण नसतात. गाडी देणारीने मनापासूनच दिले असतील, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

दुसरी खूण पाहायची ती डोंगराची. तीन शिखरं आणि त्यात बर्फाची चांदणी. एम अधिक एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढंच लिहिलेलं असेल तर ते टायर बनवणाऱ्याचं म्हणणं झालं, डोंगराच्या खुणेसाठी बर्फावर ठरलेली चाचणी पार करावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यावर ही डोंगराची खूणच धरतात. ठरलेली तारीख नाही, पण रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेलं पाणी असताना योग्य टायर नसेल तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक पॉइंट. ऑल-सीझनवर ती खूण असेल तर कायद्याने तोही चालतो. म्हणजे कायद्यापुरतं तुझं म्हणणं बरोबर ठरू शकतं. माझी भीती दंडाची नाही.

ऑल-सीझन वाईट असतो असं मी म्हणत नाही. तू कार्ल्सरुहेला, ऱ्हाइनच्या सपाटीवर राहत असतीस, आठवड्यातून दोनदा गाडी काढत असतीस आणि बर्फ पडलाच तर त्या दिवशी ट्रॅमने जाता आलं असतं, तर मीच म्हटलं असतं, चांगले नवे ऑल-सीझन घे, वर्षातून दोनदा चाकं बदलायची कटकट नको. तो दोन्ही घरचा पाहुणा असतो. उन्हाळ्यात उन्हाळीइतका थांबत नाही, बर्फात विंटरइतका नाही, पण मधल्या हवेत निभावून नेतो. तू मात्र फ्रॉइडनश्टाटच्या वरच्या बाजूला राहतेस. शहरच साधारण ७३० मीटरवर, आपल्या माथेरानच्या थोडंसं खाली, आणि चारी बाजूंनी ब्लॅक फॉरेस्टचं डोंगराळ जंगल. तिथे तुला पहाटे वॉर्डवर पोचायचंच असतं, कारण रात्रपाळीवाली तुझी वाट पाहत उभी असते. बर्फ पडला म्हणून नर्सला घरी बसता येत नाही. निभावणारा टायर त्या रस्त्याला पुरणार नाही.

"मग दोनच घेते, पुढे लावते" असं तुझ्या मनात येईल, कारण इथे आपण नेहमी दोन-दोन बदलतो. ते करू नकोस. पुढची चाकं धरतील आणि मागची सुटतील, वळणावर ब्रेक लागला की गाडी भोवऱ्यासारखी फिरेल. एबीएस आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नकोस. एबीएस चाक जॅम होऊ देत नाही, पकड मात्र रबरालाच आणावी लागते.

पैशांचं मी ओळखून आहे. तू इकडे दर महिन्याला पाठवतेस आणि मग स्वतःच्या गोष्टी पुढे ढकलतेस. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तीन महिने एक पैसाही पाठवू नकोस. बाबांची पेन्शन आहे, घराचा हप्ता संपला आहे, आजीच्या औषधांचं मी पाहते. यावर वाद घालू नकोस. आणि दोन सेट असले म्हणजे दुप्पट खर्च असंही नाही, एक चालतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, झिजत नाही. विंटर टायर मात्र उन्हाळ्यात चालवू नकोस. गरम रस्त्यावर ते लवकर झिजतात आणि ब्रेकलाही लांब जातात.

घेताना गाडीच्या कागदावरचा साइझ बघून घे. तुझ्या चाकाच्या फोटोत १८५/६५ आर १५ ८८ टी दिसलं. त्यातला ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. विंटर टायरची नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने चालला तरी बर्फात भरवशाचा नाही. दोन युरोच्या नाण्याची रुपेरी कड तेवढीच असते, खाचेत घालून बघायची, कड दिसली की नवे घ्यायचे.

चाकं बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घे, विसरू नकोस. हवा थंडीत आपोआप उतरते, दर १० अंशांना साधारण ०.१ बार. इथे पंपावर आपण "तेहेतीस टाका" म्हणतो ते तिथलं २.३ बार. गाडीच्या दारात लिहिलेला आकडा बघ आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपास. काढलेले टायर गॅलरीत उन्हात ठेवू नकोस, गॅरेजवाले वर्षाचे थोडे पैसे घेऊन सांभाळतात म्हणे, त्यांच्याकडेच दे.

तिकडे "ऑक्टोबर ते ईस्टर" म्हणतात, तेवढे महिने विंटर टायर. आपला दसरा त्याच तोंडावर येतो. इथे बाबा गाडी धुऊन झेंडूची माळ घालतील, चाकांखाली लिंबं ठेवतील. तिथे झेंडू मिळाला नाही तर हळदकुंकू तरी लाव, पार्सलमध्ये पुडी घातली आहे. पण त्याआधी सोमवारी गॅरेजला फोन कर, कारण पहिला बर्फ पडला की सगळं गाव एकदम तिथे रांग लावेल आणि तुला तारीख मिळणार नाही.

आणि हे पत्र वाचलंस की खाली जा, त्या फुकटच्या टायरांच्या कडेचे फोटो काढून पाठव. चारही टायरांचे, चार आकडे नीट दिसतील असे. मी इथे जागी आहे.

तुझी,
आई